विहिरीचं विहिरीला

महापुरात प्यायला पाणी नसतं, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना खरं वाटत नाही. कोल्हापुरात ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. नदी फुगली की काठावरची उपसा केंद्रं बुडतात, मोटारी बंद पडतात, आणि शहराला पाण्याचा वेढा पडलेला असताना नळाला नुसती हवा येते. आमची गल्ली राजारामपुरीत, जरा उंचावर. घरात पूर शिरत नाही, पण तहान काही उंची बघून लागत नाही. त्या वर्षी टँकर मोठ्या रस्त्यावर यायचा आणि गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत रिकामा व्हायचा. बायका घागरी घेऊन त्याच्यामागे पळायच्या. मीही पळाले, एकीशी कडाकडा भांडले, आणि अर्धी कळशी घेऊन रडकुंडीला येऊन घरी आले.

आमच्या गल्लीच्या मधोमध विहीर आहे. आहे म्हणायची सवय अजून जात नाही. तेव्हा तिच्यावर पत्र्याचं झाकण असायचं, झाकणाला टेकून स्कूटरी लागायच्या, आणि तिचं पाणी पिणारं माणूस एकच उरलं होतं, आमच्या समोरच्या घरातली अक्का.

अक्का जैन घरातली. सत्तरी ओलांडलेली, नवरा गेलेला, एकुलती मुलगी बेळगावला फ्लॅटमध्ये. तरुणपणी एका मुनिमहाराजांसमोर तिनं नेम घेतला होता, की जन्मभर विहिरीचंच पाणी प्यायचं, तेही गाळून. नळाचं नाही, बोअरचं नाही, बाटलीचं तर नाहीच. बारा गावचं पाणी प्यालेली माणसं मी पुष्कळ बघितलीत. एका विहिरीवर सगळा संसार काढलेली ही एकच. लग्नाला गेली तरी आपल्या पाण्याचा तांब्या बरोबर. तिचे गुडघे गेल्यापासून पाणी काढायचं काम माझ्याकडं आलं होतं. सकाळी अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून मी तिची कळशी भरून द्यायची आणि मग शिरोलीची बस धरायची. तिथल्या एका फाउंड्रीत मी स्टोअर सांभाळते.

पाणी गाळायची तिची रीत अशी. घागरीच्या तोंडावर जाड फडकं दुहेरी करून धरायचं आणि पाणी सावकाश ओतायचं. गाळून झालं की फडकं उलटं करून, त्याच्यावर थोडं गाळलेलं पाणी सोडून, जे काय अडकलं असेल ते एका लोट्यात धुवायचं. डोळ्याला काही दिसत नसे. तिचं म्हणणं, त्यात जीव असतात. तो लोटा परत विहिरीतच न्यायचा. पण वरून ओतायचा नाही, जीव आपटून मरतात. लोट्याला दोन दोर होते, एक वरच्या कडीला, एक बुडाच्या कडीला. पाण्याला टेकला की बुडाचा दोर ओढायचा, लोटा अलगद कलंडायचा. त्या लोट्यातल्या पाण्याला ती जिवाणी म्हणायची.

"विहिरीचं विहिरीला गेलं पायजे, तंगी," असं ती मला सांगायची. तंगी म्हणजे धाकटी बहीण. तिचं माहेर सीमेपलीकडचं, तिथली कानडी तिच्या तोंडात राहून गेली होती. मला पहिल्यांदा हे सगळं थोतांड वाटायचं. कामाला उशीर व्हायचा, मी दोर हिसकायची, ती ओरडायची. नंतर सवय झाली, आणि नंतर ते मला आवडायला लागलं.

तर त्या पुरात मंडळाच्या अध्यक्षानं स्कूटरी हटवल्या आणि झाकण बाजूला केलं. हा आमच्याच गल्लीतला, धिप्पाड, आवाज स्पीकरसारखा, मन लोण्याचं. गल्लीत कुणाचं काही अडलं की आधी तो धावतो आणि मग विचार करतो. विहीर तोंडापर्यंत भरलेली, पाणी नितळ. सगळी गल्ली घागरी घेऊन उभी राहिली. अक्का काठावर खुर्ची टाकून बसली.

"गाळल्याबिगर कुणी न्यायचं न्हाय," ती म्हणाली. "आन् जिवाणी हितंच सोडायची."

"अक्का, तू म्हणशील तसं," अध्यक्ष म्हणाला. "विहीर तुझी हाय."

"माझी कुठली? आत ऱ्हात्यात त्यांची हाय."

लोक हसले, पण गाळायला लागले. कोपऱ्यावर एक शिंपीचाचा आहेत, शाळेचे गणवेश शिवतात. त्यांनी दुकानातला मांजरपाट काढला, चौकोनी तुकडे कापले, कडा शिवल्या आणि घरटी एक फडकं दिलं. ज्यांच्याकडं गॅस संपत आला होता त्यांचा स्वयंपाक आमच्याकडं आणि चाचांच्या घरी व्हायला लागला. पूर ओसरेपर्यंत आम्ही त्या एका विहिरीवर जगलो. एकमेकींच्या चुलीशेजारी कधी न बसलेल्या बायका एकमेकींच्या स्वयंपाकघरात कांदा कुठं ठेवलाय ते न विचारता काढायला लागल्या होत्या.

पूर गेला आणि गल्लीच्या अंगात आलं. ओल्या कचऱ्यासाठी कोपऱ्यावर खड्डा झाला. चाचांनी गणवेशाच्या उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवल्या, निम्मी गल्ली खाकी पिशवीतून भाजी आणायला लागली. मंडळाच्या प्रसादाला थर्माकोलच्या पत्रावळ्या बंद, प्रत्येकानं आपापलं ताट आणायचं आणि घासून न्यायचं. विहिरीवरचा पत्रा जाऊन लोखंडी जाळी आली. मी स्वभावानं कुजकट. नव्याचे नऊ दिवस म्हणून मी नाक मुरडलं होतं. पण दिवाळी गेली, उन्हाळा आला, तरी लोक खड्ड्यात कचरा टाकतच होते. मला पहिल्यांदाच वाटलं, की साधी माणसं ठरवलं तर नीट जगू शकतात. असं वाटणं वाईट असतं. नंतर ते फार महागात पडतं.

पुढच्या गणपतीआधी मंडपात बैठक झाली. अध्यक्ष उभा राहिला आणि म्हणाला, "ह्या वर्षी आपल्या गल्लीतली एक बी मूर्ती पंचगंगेत जाणार न्हाय. नदी किती घाण करायची? आपला बाप्पा आपल्या विहिरीत."

टाळ्या पडल्या. मी उठले. म्हटलं, नदी नको हे बरोबर, पण विहीर कशाला? काहील ठेवा. आमच्याकडं गूळ करायच्या त्या मोठ्या लोखंडी कढईत हल्ली विसर्जन करतात, शहरभर ठेवलेल्या असतात.

"वैनी, काहिलीत बाप्पा गुडघाभर पाण्यात बसणार. बरं दिसतंय व्हय? शाडूच्या मूर्ती हायत, माती मातीत जाईल."

अक्का मागं बसली होती. ती म्हणाली, "पाण्यात जीव हायत, बाबा."

"बाप्पा त्यास्नी काय करतोय व्हय, अक्का? त्येच्यापरीस मोठा राखणदार कोण हाय?"

पुन्हा टाळ्या. अक्का गप्प झाली. देवाच्या विरोधात बोलल्यासारखं होईल म्हणून ती गप्प झाली, हे मला दिसत होतं. मी भांडभांड भांडले. माझ्या नवऱ्यानं सुद्धा मला खाली बस म्हणून खुणावलं. शेवटी ठरलं, फक्त आपल्या गल्लीतल्या, फक्त शाडूच्या.

विसर्जनाच्या दिवशी विहिरीला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. पहिल्या मूर्ती आमच्याच होत्या, लहान, मातीच्या. आरती झाली, कुणीतरी फोनवर चित्रण करून सगळीकडं पाठवलं. नदी वाचवणारी गल्ली. तासाभरात शेजारच्या गल्लीतली माणसं आली, मग त्यापलीकडची. पाटावर बाप्पा, कपाळाला गुलाल, घरची सगळी बरोबर. अध्यक्ष काठावर उभा होता. पहिल्या पाहुण्यानं विचारलं, "आमचा बी चालंल न्हवं?" आणि तो म्हणाला, "या की पावणं, त्याला काय इचारायचं?"

इथंच आमचं चुकलं. दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायला आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही, आणि त्याच्या हातात बाप्पा असेल तर विचारूच नका. मी आलेल्या एकाला विचारलं, ही शाडूची आहे का? "दुकानदारानं शाडूचीच म्हणून दिलीया," तो म्हणाला. मूर्ती बुडाशी पोकळ, आतून खडूसारखी पांढरी, म्हणजे प्लॅस्टरची, अंगावर चकचकीत रंग. मी अध्यक्षाचा दंड धरला आणि थांबवा म्हटलं.

"वैनी, दारात आल्याला बाप्पा माघारी धाडू? माझ्यानं न्हाय व्हायचं. तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. विहिरीपुढं दोन्ही हात पसरून उभी राहिले आणि सांगितलं, की बाबांनो, हे आमचं पिण्याचं पाणी आहे. एक बाई मूर्ती पदराखाली धरून उभी होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिचं पोर हिसकावून घेतेय. ती मला वळसा घालून पुढं गेली आणि अध्यक्षानं तिच्या हातून मूर्ती घेतली. ढोलाच्या आवाजात माझं कोण ऐकणार? पाण्यात एकेक मूर्ती जात होती आणि लोक जोरानं मोरया म्हणत होते. अक्काच्या घराचं दार बंद होतं.

लोक संकट आलं की देव पाण्यात घालून बसतात. आम्ही आधी देव पाण्यात घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कळशी सोडली तर ती कशावर तरी आपटली. पाणी ताकासारखं दिसत होतं. कळशीतून गुलाबी रंगाचा एक हात वर आला, मोदक धरलेला. मी तो पदरात लपवायला गेले, पण अक्कानं बघितला. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आज माझा उपास हाय."

तिचे निर्जळी उपास नेहमीचेच, त्यामुळं गल्लीत कुणाला काही वाटलं नाही. तिसऱ्या प्रहरी घरी आले तर ती भिंतीला टेकून बसलेली, ओठ सुकलेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली, उपास. मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, नळाचं पी, माझ्या घरचं पी, देव तुला काही करत नाही. ती म्हणाली, "देवाचं काय घिऊन बसलीस? मी शब्द दिलाय."

अध्यक्ष स्वतः दोराला धरून विहिरीत उतरला. सांगाडे, काथ्या, लाकडं, हार, सगळं वर आलं. मोटार लावून पाणी उपसलं. खाली चुन्यासारखा लगदा बसला होता, तो पाट्यांनी काढला. तरी जे नवं पाणी पाझरलं ते पांढरंच होतं, आणि त्याला रंगाचा वास होता. तो वर आला तेव्हा मांडीपर्यंत पांढरा झाला होता. "वैनी, झरंच बुजल्यात," म्हणाला आणि काठावर बसून राहिला. त्याला शिव्या द्यायच्या म्हणून मी आले होते. त्याचं तोंड बघून माझी जीभ उचलली नाही.

माझा नवरा कागलच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेलेला. चाचांनी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि स्कूटर काढली. अख्खं शहर आम्ही विहिरीसाठी पालथं घातलं. जुन्या गावातल्या बस्तीच्या, म्हणजे जैन देवळाच्या, विहिरीवर गेलो, तर आजूबाजूच्या बोअरनी ती आटून तळाला चिखल राहिलेला. एका विहिरीवर स्लॅब टाकून कोचिंग क्लासच्या गाड्या लावल्या होत्या. एका विहिरीत सरळ गटार सोडलं होतं. एका ठिकाणी म्हातारा वॉचमन म्हणाला, "हितं व्हती की, तुमी उभं ऱ्हायलाय न्हवं, तितंच." मी पायाखाली बघितलं, फरशी होती. या शहरात एका म्हातारीला प्यायला पुरेल एवढं विहिरीचं पाणी नाही, हे मला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं. मी स्कूटरवर मागं बसून रडत होते आणि चाचा आरसा वळवून ठेवत होते.

शेवटी उचगावच्या पुढं उसाच्या एका रानात विहीर सापडली. मालक म्हणाला, न्या की. मी पाणी काढलं, तिथंच गाळलं, जिवाणी तिथंच सोडली आणि कळशी मांडीवर घेऊन परत आले. अक्कानं फडकं मागितलं. गाळलेलं पाणी दोन घडी राहिलं की पुन्हा गाळावं लागतं, असा तिचा नियम. म्हणजे घरी पुन्हा गाळणं आलं, पुन्हा जिवाणी आली, आणि ती त्याच विहिरीला परत जायला हवी. मी कपाळाला हात लावला. चाचा दारातून म्हणाले, "द्या हिकडं, सोडून येतो." मग जरा थांबून म्हणाले, "पर मी हात लावला तर चालंल काय, अक्का?"

"हात लावल्यानं काय व्हतंय? सांडू नकोस म्हंजे झालं," अक्का म्हणाली. मग तिनं पाणी उकळलं, निववलं आणि प्याली. तिच्या गळ्याची हालचाल मी बघत राहिले.

तेव्हापासून रोज तसंच. सकाळी मी आणि चाचा जायचो, मग मी कामावर जायची आणि चाचा एकटे लोटा घेऊन पुन्हा रानात जायचे. त्यांचं दुकान उशिरा उघडायला लागलं. मी एकदा विचारलं, चाचा, तुमचा यावर विश्वास आहे का? ते म्हणाले, "अक्का म्हणती जीव हायत. आसतील की. न्हाय कशावरनं म्हणायचं?"

इकडं गल्ली फाटत चालली होती. विहिरीला वास यायला लागला, डास झाले, दोघांना ताप आला. कुणी म्हणालं बाहेरच्यांनी घाण केली, कुणी म्हणालं अध्यक्षानं केली, कुणी म्हणालं एका अक्कापायी सगळ्यांनी किती दिवस नाक धरायचं? ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यात प्लॅस्टिक पडायला लागलं. नवरात्रात प्रसाद थर्माकोलमध्ये वाढला गेला आणि एकानंही ताट आणलं नव्हतं. मग विहिरीवर स्लॅब टाकायचं ठरलं. मी बैठकीत घसा फुटेपर्यंत बोलले. म्हटलं, अजून एकदा उपसू, उन्हाळ्यात झरे मोकळे करू, पुढच्या पुरात काय पिणार आहात? पालथ्या घड्यावर पाणी. अध्यक्ष एकदाच बोलला. "वैनी, मला ती बघवत न्हाय. झाकू द्या."

विहिरीवर स्लॅब पडला त्याच आठवड्यात चाचा पडले. महामार्गाच्या बाजूच्या रस्त्यावर वाळू होती, स्कूटर घसरली. लोट्याची पिशवी त्यांनी डाव्या हातानं वर धरली आणि सगळं अंग उजव्या हातावर आलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं. दवाखान्यात जायच्या आधी त्यांनी मला कामावर फोन केला. "वैनी, थोडं सांडलं. अक्काला सांगू नका."

मी सांगितलं नाही. पण गल्ली केवढी? हात गळ्यात बांधून ते दुकानाच्या पायरीवर बसलेले तिला खिडकीतून दिसले. कात्री धरायचा तो हात. ती संध्याकाळभर खिडकीतून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावर रजा टाकली. बसनं जाऊन पाणी आणायचं म्हणून कळशी घेऊन निघाले, तर अक्का तिच्या मोरीत उभी.

"नळाला पाणी आलंय काय?"

"आलंय."

"घागर भर."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी कळशी खाली ठेवली. म्हटलं, अक्का, नको. मी बसनं जाते, रोज जाईन.

"तुझी नोकरी जाईल. त्येचा हात मोडला. माझ्या एका नेमात आनि किती माणसं घालू?"

घागर मी भरली. तिनं फडकं दुहेरी केलं, नेहमीसारखं सावकाश गाळलं, उकळलं, निवायला ठेवलं. मग भांडं तोंडाला लावलं आणि सगळं प्याली. डोळे मिटले होते. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही, मीच रडले. मग तिनं फडकं उलटं केलं, वरून पाणी सोडून लोट्यात धुतलं आणि लोटा हातात धरून उभी राहिली. एकदा नळाकडं बघितलं, एकदा मोरीच्या भोकाकडं.

"तंगी, ह्यास्नी आता कुठं सोडू?"

मी लोटा घेतला आणि सोडून येते म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? बाहेर अध्यक्ष पाइप धरून नव्या स्लॅबवरच्या गोणपाटांवर पाणी मारत होता. माझ्या हातातला लोटा बघून त्यानं पाइप खाली ठेवला.

"रानातलं हाय?"

"नळाचं."

"प्याली?"

मी मान डोलावली. तो ओल्या गोणपाटावर तसाच बसला. मग त्यानं विचारलं, "आता कुठं चाललाय?"

मला ते माहीत नव्हतं. मी मागं वळून बघितलं. अक्का खिडकीत उभी होती आणि मी रिकामा लोटा घेऊन परत यायची वाट बघत होती.